पिवळी रेघ

आमच्या घरात नट आवळला की त्यावर रेघ मारायची, ही बाबांची शिस्त. नट, त्याखालचा वॉशर आणि शेजारचा पत्रा, तिन्हींवरून एकच सलग रेघ, पिवळ्या ऑइलपेंटची. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि तुटलेली रेघ लांबूनही ओळखू येते. बाबांच्या रेघेला शेवटी हुकासारखा एक बारीकसा आकडा असतो, कारण ब्रश उचलताना मनगट वळवायची त्यांना सवय आहे. तो आकडा मला कधीच जमला नाही. म्हणून मी माझ्या खुणा लाल नेलपॉलिशने करते. नखांना लावायला मला फुरसत नाही, पण बाटली मात्र भराभर संपते.

दर सोमवारी लोडर सुरू करण्याआधी मी टॉर्च घेऊन सगळ्या रेघा बघते. चाकांच्या नटांवरच्या, पुढच्या हातांच्या पिनांवरच्या, सीट उचलून खालच्या, अगदी रेसच्या दांड्याला बसवलेल्या नळीच्या नटावरचीसुद्धा. सगळ्या सलग असल्या की मी निर्धास्त. एखादी तुटलेली दिसली की कोणीतरी हात लावलाय, आणि तो कोण हे कळेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. दादा म्हणतो, हिचं लग्न झालं तर ही नवऱ्यालाही रेघ मारून ठेवेल. म्हणूनच झालं नाही, असं मी त्याला सांगते.

लोडर म्हणजे छोटं, चौकोनी, जागच्या जागी गर्रकन वळणारं यंत्र. पुढे बकेट लावलं तर माती भरतं, काटे लावले तर पोती उचलतं. आमचा लोडर वयाने माझ्याहून थोडाच लहान आहे. आधी तो दादा चालवायचा. मग एकाएकी त्याने फरश्यांचं दुकान टाकलं आणि सीटवर मी बसले. असं का झालं ते कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हाती आलेली जागा प्रश्न विचारून कोण घालवतं? दादा मात्र घरी आला की हटकून एक वाक्य टाकायचा. "माझ्या वेळी हे मशीन उडायचं." म्हणजे माझ्या हातात ते सरपटतं, असं त्याला म्हणायचं असे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्यात कालव्याचं काम आलं. दोन्ही काठांवर माणूसभर उंच काटेरी झुडपं माजली होती, ती साफ करायची होती. त्यासाठी लोडरला पुढे झुडपं कापायचं जड पातं लावावं लागतं, आणि ते फिरतं हायड्रॉलिक तेलाच्या जोरावर. मी जुनं पातं मिळवलं, रंगवलं, लावलं. आमच्या लोडरवर ते कमी व्होल्टेजच्या पंख्यासारखं फिरायला लागलं. बोटाएवढी फांदी आली की गप्प.

दादाने ते पाहिलं आणि त्याच दिवशी बाबांसमोर विषय काढला. "आता विकून टाकूया. मशीन थकलंय."

बाबा गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी तळहातावर आणखी तेल घेतलं. मग म्हणाले, "कालव्याच्या साहेबाला चाचणी दाखवा. पात्याने काम केलं तर ठेवू, नाहीतर विकू."

लोडर बाबांच्या नावावर आहे, तेव्हा हा शेवटचा शब्द. लोडर गेला की मी दादाच्या दुकानात बसायचं, हेही मला न विचारता ठरून गेलं होतं. दिवसभर लोकांना विचारायचं, चकचकीत दाखवू की खरखरीत? माझे हात दांड्यांवर शिकलेत. फरश्यांवर हात फिरवत आयुष्य काढायचं या विचाराने मला रडू यायचं, आणि रडू आलं की मला राग येतो.

मी लोडर मिस्त्रीकाकांकडे नेला. हे बाबांचे जुने दोस्त, हायड्रॉलिकमधले मुरलेले. त्यांचं वर्कशॉप म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. आत तेलाचा वास, भिंतीवर रबरी होजची भेंडोळी, आणि कोपऱ्यात बसायला एक फाटकी कारची सीट. काकांनी मला तिथे बसवून समजावलं. तेलाचा दाब असला की ताकद मिळते, पण पातं किती वेगाने फिरणार ते मिनिटाला किती तेल वाहतं त्यावर. आपल्याला ते वाहणं वाढवायचंय. म्हणजे मोठा पंप, रुंद होज, तेल तापणार म्हणून वेगळा कूलर, आणि तेल टाकीत विनाअडथळा परत यावं म्हणून नवी लाइन.

"इंजिनला झेपेल का?" मी विचारलं.

"इंजिन चांगलं आहे," ते म्हणाले. मग सीटकडे बघत पुढे बोलले, "आधी सगळं उघडून बघतो. पंप आणायची घाई करू नकोस."

घाई करू नकोस असं कोणी म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. मी दुसऱ्याच दिवशी पंप स्वतः निवडून आणला. काकांच्या हाती देण्याआधी त्याच्या पोटाखाली, सहज दिसणार नाही अशा जागी, नेलपॉलिशचा ठिपका ठेवला. नव्याच्या नावाखाली जुना रंगवून बसवणारे मिस्त्री मी पाहिलेत. काका तसे नाहीत हे मला माहीत होतं. तरी ठेवला.

त्यानंतर मी रोज शेडमध्ये जायला लागले आणि रोज काहीतरी खटकायला लागलं.

एकदा मी आत शिरले तर काका लोडरच्या सीटखाली डोकं घालून होते. माझी चाहूल लागताच त्यांनी सीट आपटली आणि वर फडकं टाकलं. पंप मागे असतो. होज बाजूने जातात. सीटखाली यांचं काय काम?

"काही नाही, धूळ पुसत होतो," काका म्हणाले. ज्या माणसाच्या शेडमध्ये कोळ्यांच्या पिढ्या नांदतात तो माझ्या सीटखालची धूळ पुसत होता.

दुसऱ्यांदा शेडबाहेर दादाची स्कूटर दिसली. दुकान भर गर्दीच्या वेळी सोडून तो इथे का यावा? मी आवाज न करता आत गेले. दोघं पाठमोरे उभे होते आणि दादा म्हणत होता, "तिला कळता कामा नये असं किती दिवस चालणार?"

मी खाकरले. दादाने लगेच कूलरची चौकशी सुरू केली. त्याला कूलर आणि सुटकेस यांतला फरक कळत नाही. काकांनी मला होजचे क्लॅम्प आणायला पिटाळलं, तेही पार गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात. मी गेले, पण वाटभर डोक्यात चक्र फिरत होतं. लोडर विकायचा आहे दादाला. चाचणी फसली की विकला जाणार. आणि चाचणी फसवणं ज्यांच्या हातात, त्या काकांशी दादाची कुजबुज. आणखी काय हवं होतं?

सगळ्यात वाईट घरी झालं. संध्याकाळी परतले तर मोरीत चहाचे तीन कप. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बाबा दुपारी एकटेच असतात, आणि एकटा माणूस तीन कपांत चहा पीत नाही.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले.

मी कप नाकाशी नेले. एकाच्या कडेवर ग्रीसचं बोट उमटलं होतं. दुसऱ्याच्या तळाशी साखरेचा थर होता, न ढवळता पिणारा आमच्या घराण्यात एकच, दादा. मी ते कप बाबांसमोर ठेवले. बाबा खिडकीकडे वळले. खिडकीतून समोरची भिंत दिसते, दुसरं काही नाही.

त्या दिवशी मला पहिल्यांदा एकटं वाटलं. दादावर संशय घ्यायची मला सवय होती, त्याचं काही वाटत नाही. पण बाबाही त्यांच्यात? ज्यांनी रेघ मारायला शिकवलं, तेच पाठीमागे चहा पीत माझी सीट विकत होते. मी ताट तसंच सारलं आणि त्यांनीही जेव म्हटलं नाही.

काम पुरं झालं त्या दिवशी मी शेड उघडायच्या आधीच दारात उभी होते. नवा पंप, नव्या होज, रेडिएटरशेजारी कूलर, सगळं नीटनेटकं दिसत होतं. काकांनी लाइनवर फ्लो मीटर लावला. तेल किती वाहतंय ते त्याच्या काट्यावर कळतं. इंजिन सुरू केलं, मी रेसचा दांडा पार पुढे ढकलला. काटा चढला. जुन्या पंपापेक्षा वर गेला आणि पात्याला लागतं त्याच्या बराच खाली थांबला. काकांनी पातं जोडून दाखवलं. आधीपेक्षा बरं फिरलं, पण जाड फांदी घातली की धापा टाकत होतं.

अंदाज चुकला की माणूस डोकं खाजवतो, शिव्या देतो, मीटरवर टिचकी मारतो. काका नुसते जमिनीकडे बघत होते. त्यांना हा आकडा आधीच माहीत होता.

मी इंजिन बंद केलं. "काका, पंप बदललात तुम्ही."

"तूच आणलेला आहे."

मी आरसा घेऊन पंपाच्या पोटाखाली बघितलं. माझा लाल ठिपका जागच्या जागी होता. मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच राग आला.

"मग दुसरं काही केलंय. दादाने सांगितलं आणि तुम्ही केलंत. चाचणी फसली की मशीन विकायचं. घरी बसून चहा पिता, मी आले की फडकी टाकता. मी तुम्हाला काका म्हणते, लाज वाटते मला त्याची."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पंप इंजिनवर फिरतो, पोरी. इंजिन कमी फिरलं तर पंप कितीही मोठा आणलास तरी तेल कमीच येणार. इंजिनला पुरती रेस मिळत नाही."

"दांडा पुढपर्यंत ढकललाय मी."

"ढकल बरं परत."

मी ढकलला. दांडा थांबला तिथे त्यांनी बोट ठेवलं. दांडा ज्या खाचेतून सरकतो, ती खाच अजून दोन बोटं पुढे जात होती. तेवढ्या भागात गंज चढला होता. तो गंज मी रोज बघते. मला वाटायचं, खाच लांब कापली असेल.

"दांडा इथवर येत असता तर ही जागा घासून चकचकीत राहिली असती," काका म्हणाले. "आणि नीट बघ. गंजाखाली घासल्याची खूण आहे. एके काळी येत होता."

मी सीट उचलली. टॉर्च मारला. एकेक रेघ तपासली. सगळ्या सलग होत्या, रेसच्या दांड्यावरच्या नळीची रेघसुद्धा, जुनी, तडकलेली, पण नटावरून नळीवर आणि नळीवरून पट्टीवर अखंड गेलेली.

"कोणी हात लावलेला नाही इथे," मी म्हणाले.

"लावलेला नाही, म्हणूनच," काका म्हणाले.

मला कळायला वेळ लागला. दर सोमवारी मी त्या नळीची रेघ बघत होते. रेघ सलग आहे एवढंच बघत होते. ती नळी मुळात तिथे कशाला आहे, हे मी कधी विचारलंच नाही. पाण्याच्या पाइपाचा कापलेला तुकडा होता तो. दांड्यावर चढवून नटाने जखडलेला, दांड्याने पुढे सरकू नये म्हणून. कारखान्यातून आलेल्या मशीनमध्ये असा तुकडा नसतो. आणि रेघेच्या शेवटी बारीकसा आकडा होता.

मी तिथेच पायरीवर बसले.

"पहिल्याच दिवशी सापडला मला," काका सांगायला लागले. "काढायच्या आधी तुझ्या बाबांना विचारायला गेलो. ते म्हणाले, हात लावू नकोस, मोठ्या पंपावर भागतंय का बघ. बघितलं. नाही भागत. तुझा भाऊ त्यांच्याशी दोनदा भांडून आला, तिला सांगून टाका म्हणून. तुकड्याचं त्याला आधीपासून माहीत होतं, मशीन विकायचं तेवढ्यासाठीच म्हणत होता तो. म्हणजे तुला न कळता प्रश्न मिटेल."

दादा माझ्या बाजूने भांडला होता. हे पचवणं मला सगळ्यात जड गेलं.

मी घरी गेले. बाबा दारातच होते, माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी काठी भिंतीला टेकवली.

"तुम्ही बांधून ठेवलंत मला," मी म्हणाले.

"मशीनला बांधलं."

"सगळे मला हळूबाई म्हणतात. दादा इतकी वर्षं टोमणे मारतोय आणि तुम्ही मूग गिळून बसलात. मला वाटायचं माझ्याच हातात दम नाही."

बाबा खाली बसले. त्यांना बसायला वेळ लागतो, मी हात दिला नाही. "तुझ्या आधी दादाने ते उलटवलं होतं," ते म्हणाले. "पुऱ्या वेगात, बकेट वर असताना वळला. मी समोर होतो. लोडरचा पत्रा वाकून त्याच्या छाती-खांद्यावर आला. तो वाचला, पण त्याला पुन्हा त्या सीटवर बसवत नव्हतं. कोणाला सांगू नका म्हणाला. दुकान त्यासाठी टाकलं."

मला दादाचा खांदा आठवला. त्याला हात पूर्ण वर नेता येत नाही. वरच्या फळीवरच्या फरश्या तो नोकराकडून काढून घेतो आणि मी त्याला आळशी म्हणते.

"मग तू हट्ट धरलास. नाही म्हणालो असतो तर दुसऱ्याचं मशीन चालवलं असतंस. हो म्हणालो आणि तुकडा घातला. दुसरं पोर त्या पत्र्याखाली बघायची माझी हिंमत नव्हती."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी काढला असतास."

ते खरं होतं. मला त्याचाच राग आला, की ते खरं होतं. मी रागावलेलीच राहिले आणि तसं त्यांना सांगितलं. मग मी म्हणाले, "तुम्ही घातलात, तुम्हीच काढा."

दुसऱ्या दिवशी दादा त्यांना स्कूटरवर शेडमध्ये घेऊन आला. काकांनी पाना दिला. बाबा सीटवर ओणवे झाले, पाना नटाला लावला आणि थांबले. मग नट कर्रकन वाजला. पिवळी रेघ मधोमध तुटली. त्यांनी तो तुकडा काढून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि पाना काकांच्या हातात न देता तसाच धरून बसले. मीटरचा काटा त्या दिवशी पुरेसा चढला. लोडरचा आवाजही बदलला. दादा डोळे मिटून ऐकत होता. "हाच," तो म्हणाला. "हाच आवाज."

चाचणीच्या सकाळी मी लोडर घरच्या शेडमधून काढला आणि थेट कालव्यावर नेला. मांडीवरचा सुरक्षा दांडा खाली ओढला, रेसचा दांडा पार पुढे नेला, गंजावर. पातं असं फिरलं की झुडपं लाकडाचा भुसा होऊन मागे उडाली. साहेब काही पावलं मागे सरकला. मी वळणावर लोडरच्या पुढच्या हातांची उंची कमी ठेवली आणि वेग उतरवला. ते मला कोणी सांगितलं नव्हतं, पण दादा काठावर उभा होता आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर गेलेला मला दिसत होता. शेवटी साहेब म्हणाला, "सोमवारपासून सुरू करा."

दादा जवळ आला. "तर मग मशीन ठेवायचं," एवढंच म्हणाला.

मी उतरले तेव्हा तळहात चिकट लागला. बघते तर पिवळा. माझा पारा चढला. रात्रीतून कोणीतरी माझ्या लोडरला हात लावला होता, आणि चाचणीच्या दिवशी. मी टॉर्च काढून आत शिरले. चाकं, पिना, सीटखाली, सगळं माझं जसंच्या तसं होतं. मग मांडीवरच्या दांड्याचे बोल्ट दिसले, दोन्ही बाजूंचे. नवे कोरे बोल्ट, कच्चून आवळलेले, आणि त्यांवर ओली पिवळी रेघ. शेवटी बारीकसा आकडा, थोडा कापरा.

सीटच्या पट्ट्याच्या बोल्टवरही तशीच रेघ होती. बाबांनी रात्री ओणवं होऊन मारलेली, त्या गुडघ्यांनी.

माझ्या खिशात पाना होता. कोणीही आवळलेला बोल्ट मी स्वतः एकदा तपासल्याशिवाय मशीन हलवत नाही. पाना मी बाहेर काढलासुद्धा.

"सगळं ठीक आहे ना?" दादाने खालून विचारलं.

"आहे," मी म्हणाले आणि पाना परत खिशात ठेवला.